ताजी बरोबरी

पहिल्याच खेळीला आण्णांचा दिवा निळा लागला, तेव्हा मला वाटलं पट्टी बिघडली.

तसं वाटणं साहजिकच होतं. पट्ट्या बिघडतात आणि त्या नीट करायचाच मला पगार मिळतो. राज्य ज्येष्ठ बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी नुकतीच सुरू झाली होती. सांगलीतल्या हळद व्यापाऱ्यांच्या सभागृहात पटांच्या रांगा लागल्या होत्या. प्रत्येक खेळाडूच्या कपाळावर बोटभर रुंदीची पट्टी, पटाच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा दिवा, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर सगळ्यांचे आलेख बघत बसलेली मी, अश्लेषा आरवाडे. बसलेली म्हणजे नावापुरती. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. सकाळपासून मी नको तेवढा चहा प्यायले होते आणि ज्या वायरी ठीक होत्या त्याही दोनदा काढून लावल्या होत्या.

या पट्टीचं प्रकरण आधी सांगायला हवं. घराघरांत ग्रँडमास्टरांना हरवणारी यंत्रं आली, तेव्हापासून बुद्धिबळ हा घोकंपट्टीचा खेळ झाला होता. पोरं यंत्राकडून वीस-पंचवीस खेळ्या पाठ करून यायची. समोरचाही तेच पाठ करून आलेला. पटापट सोंगट्या हलवायच्या, हात मिळवायचे, अर्धा-अर्धा गुण खिशात घालून जेवायला मोकळं व्हायचं. तीस खेळ्यांच्या आत बरोबरी चालणार नाही असा नियम करून पाहिला, तर लोक एकतिसाव्या खेळीला हात मिळवू लागले. आधी प्रेक्षक पळाले, मग जाहिरातदार पळाले. पाठांतरच बघायचं तर शाळेतल्या श्लोकांच्या स्पर्धा काय वाईट होत्या?

मग ही पट्टी आली. तिच्यामागचं विज्ञान तसं सोपं आहे. ओळखीची गोष्ट समोर आली की मेंदूत एक लहर उठते. ती इतकी चटकन उठते, की ‘अरे, हे मला माहीत आहे’ असं आपल्याला वाटायच्या आधीच येऊन गेलेली असते. गोष्ट नवी असेल तर ती लहर येत नाही. त्याऐवजी कपाळामागचा भाग बराच वेळ कामाला लागतो, गणित सोडवताना लागतो तसा. पट्टी या दोन्हींमधला फरक ओळखते. खेळी आठवणीतून आली तर दिवा पिवळा, विचारातून आली तर निळा. आणि लहर आपल्या इच्छेच्या आधीच उठत असल्यामुळे इथे कुणाची लबाडी चालत नाही.

नियमही मग सोपा झाला. डाव बरोबरीत सुटला आणि तुमच्या निम्म्याहून जास्त खेळ्या पिवळ्या निघाल्या, तर अर्ध्या गुणाऐवजी तुम्हाला शून्य. खेळाडूंनी त्याला लगेच नाव ठेवलं, शिळी बरोबरी. आणि ज्याच्या डावात सगळ्यांत जास्त निळा उजेड, त्याला शेवटी ‘ताजा डाव’ पुरस्कार, शाल आणि श्रीफळ.

दिवाळीत आण्णा पुण्याला माझ्याकडे आले होते तेव्हा मी ही पट्टी त्यांच्या कपाळाला लावून दाखवली होती. मोठ्या तोऱ्यात मी म्हणाले होते, “आण्णा, हिच्यासमोर कुणाचं काही चालत नाही.”

आण्णा बराच वेळ दिव्याकडे बघत बसले होते. “म्हणजे आपल्याला एखादी गोष्ट आठवत्येय का नाही, हे आपल्याआधी हिला कळतं?”

“अगदी.”

“बरंय की मग,” ते म्हणाले होते. आणि इतक्या वर्षांनी त्यांनी या स्पर्धेत नाव घातलं, तेव्हा लेकीच्या यंत्राचं कौतुक म्हणून घातलं असं मी समजले. फुशारून गेले होते मी.

आण्णांचं, म्हणजे भूपाल आरवाडे हे नाव सांगलीच्या हळद बाजारात कुणालाही विचारा. आमची अडतीची पेढी तीन पिढ्यांची. सौदे आता स्क्रीनवर होतात, पण आण्णांच्या उमेदीत ते रुमालाखाली व्हायचे. दोघांचे हात रुमालाखाली, आणि भाव बोटांनी सांगायचा. आमच्या पेढीची खूण अशी होती: जितकी बोटं धरली तितका आकडा, सगळी मूठ धरली तर पाच, तळहातावर नख ओढलं तर अर्धा, आणि मनगट दाबलं की सौदा पक्का. अंक मी शाळेत जायच्या आधी आण्णांच्या रुमालाखाली शिकले. ‘उजेडात बोललेला भाव पडतो’, असं ते म्हणायचे.

बाजार उठला की आण्णा यासीनचाचांशी बुद्धिबळ खेळायचे. यासीनचाचा मिरजेचे, सतारी बनवणारे. दुपारी भोपळ्याला रंधा मारायचा आणि संध्याकाळी सांगलीला येऊन आण्णांशी भांडायचं, असा त्यांचा चाळीस वर्षांचा क्रम. आण्णांकडे पांढऱ्या सोंगट्या असल्या की डाव ठरलेला, चार घोड्यांचा. दोघांनी आपापले दोन्ही घोडे बाहेर काढायचे, मग पांढऱ्या उंटाने पुढे यायचं, की चाचांचा काळा घोडा पटाच्या मध्यात उडी मारणार. मग मारामारी. घोड्याने घोडा खायचा, प्याद्यांनी उरलेले घोडे खायचे, शेवटी वजिराने वजीर. धुरळा खाली बसला की चारही घोडे पटाबाहेर आणि दोन्ही बाजू सारख्या. मग आण्णा हात पुढे करायचे. ‘बरोबरी?’ असं तोंडाने कधीच विचारायचे नाहीत. हातात हात घेऊन चाचांच्या तळव्यावर नख ओढायचे. अर्धा.

एवढ्या वेळा खेळलेला डाव आज पुन्हा खेळला जाणार, हे सभागृहातल्या कुठल्याही म्हाताऱ्याने सांगितलं असतं. शेवटच्या फेरीत भूपाल विरुद्ध यासीन, म्हणजे दोघांचे दिवे पिवळेधमक आणि दोघांना शून्य. दोघांनाही त्याची पर्वा नव्हती.

आणि आण्णांचा दिवा निळा होता.

राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे सरकवायला त्यांनी इतका वेळ घेतला, की शेजारच्या पटावरच्या बाईने घड्याळाकडे पाहिलं. चाचांनी क्षणात उत्तर दिलं. पिवळा. आण्णा पुन्हा हनुवटी मुठीवर टेकवून पटाकडे बघत बसले, आणि घोडा बाहेर काढला. निळा. चाचांचा घोडा, पिवळा. आण्णांचा दुसरा घोडा. निळा.

मी नवी पट्टी उचलली आणि निघाले. मुख्य पंच उपळेकरबाईंनी मानेनेच परवानगी दिली. डाव चालू असताना खेळाडूशी बोलायचं नाही हा नियम मला पाठ होता. मी आण्णांच्या समोर वाकले, जुनी पट्टी काढली, नवी लावली. आण्णांनी नजर वर करून माझ्याकडे पाहिलं.

दिवा पिवळा झाला.

म्हणजे पट्टी ठीक होती. त्यांना मी आठवत होते. त्या एका क्षणात मला इतका आनंद झाला, की पाठोपाठ स्वतःचा रागच आला. आनंद कसला झाला मला? नुसती ओळख पटली म्हणून आनंद व्हायचे दिवस आले होते का? आण्णांनी नजर खाली पटाकडे वळवली आणि दिवा पुन्हा निळा झाला.

मी टेबलाशी परत आले. गेल्या चार फेऱ्यांचे त्यांचे आलेख मी एकापाठोपाठ एक उघडले. निळे, निळे, निळे. ते मी आधीही पाहिले होते! सगळ्या जगाला दाखवले होते. वर्तमानपत्राने छापलं होतं, ‘पंचाहत्तरीतही ताजी बुद्धी’, आणि ते कात्रण मीच नातेवाइकांना पाठवलं होतं. समोर अनोळखी खेळाडू होते, नवे डाव होते, निळं असणारच, असं मी धरून चालले होते. यंत्र पाठांतर पकडायला बनवलेलं. पाठ केलेलं पुसून गेलं तर त्यालाही ते ताजेपणाच म्हणणार, हे आमच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. यंत्राच्या नाही, आमच्या. माझ्या.

मग बाकीचंही आठवायला लागलं. आम्ही जैन, आरवाड्यांच्या घरात सूर्यास्तानंतर कुणी घास तोंडात घालत नाही. गेल्या महिन्यात अंधार पडल्यावर मी फोन केला, तेव्हा आण्णा काहीतरी चावत होते. मी चेष्टा केली होती, “काय आण्णा, म्हातारपणी धर्म सोडला की काय?” ते जरा थांबून म्हणाले होते, “बडीशेप गं, बडीशेप.” मी हसून फोन ठेवला. सोंगट्या कशा चालतात हे ज्या कप्प्यात असतं तो कप्पा शेवटपर्यंत टिकतो, हे मला व्यवसायामुळे माहीत आहे. नावं, तारखा, जेवलो की नाही, कोणता डाव कसा जातो, हे सगळं आधी जातं. दुसऱ्याच्या वडिलांबद्दल हे मी कितीदा तरी समजावून सांगितलं असेन.

पटावर चाचांच्या घोड्याने मध्यात उडी मारली. घोड्याने घोडा खाल्ला. चाचांच्या प्याद्याने घोडा खाल्ला आणि त्याच प्याद्याचा आता आण्णांच्या उरलेल्या घोड्यावर डोळा होता. हीच ती जागा. इथे कुणीही घोडा पळवेल. पण चार घोड्यांच्या डावात घोडा पळवायचा नसतो. तो तसाच सोडून आपलं प्यादं चाचांच्या घोड्यावर ढकलायचं असतं. तू माझा खा, मी तुझा खातो. लहानपणी आण्णांनी मला हे दाखवलं तेव्हा मी टाळ्या पिटल्या होत्या.

आण्णांनी घोड्याला बोट लावलं नाही. नुसते बघत राहिले. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. यासीनचाचा आण्णांच्या दिव्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवून सभागृहापलीकडून माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की त्यांनाही कळलं आहे. एवढ्या मोठ्या सभागृहात आम्हा दोघांनाच कळलं होतं. बाकी सगळे म्हातारा काय मुरलेला आहे म्हणून कौतुकाने बघत होते.

माझ्या स्क्रीनवर एक कोरा संदेश उघडा होता. खेळाडूच्या आलेखात तब्येतीचं काही वावगं दिसलं तर त्याच दिवशी वैद्यकीय समितीला कळवायचं, हे माझं काम. कळवलं की खेळाडूची नोंद रद्द होते, पट बंद. नाही कळवलं तर कुणाला पत्ताही लागणार नव्हता. पट बंद केला तर आण्णांकडे उरेल काय? आणि गप्प बसले, तर सांगलीच्या घरात एकटा राहणारा माझा बाप एक दिवस गॅस चालू ठेवून बाजारात निघून जाईल. मी एक ओळ लिहिली आणि पुसली. पुन्हा लिहिली.

तेवढ्यात आण्णांनी प्यादं ढकललं. चाचांच्या घोड्यावर.

दिवा निळा होता. ती खेळी त्यांनी आठवली नव्हती, शोधून काढली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायलाही मला सुचलं नाही. पुढे मग घोडे गेले, वजिराने शह दिला, वजीर मध्ये आला, वजिराने वजीर खाल्ला. चाळीस वर्षांची ती वाट एक जण डोळे मिटून चालत होता आणि दुसरा प्रत्येक पावलाला जमीन चाचपत. दोघंही एकाच जागी पोचले. आण्णांनी हात पुढे केला. चाचांनी तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

निकाल लागला. यासीन सतारमेकर शून्य, भूपाल आरवाडे अर्धा.

मी यासीनचाचांना व्हरांड्यात गाठलं तेव्हा ते चष्मा पुसत होते.

“चाचा, तुम्हाला कधीपासून…”

“आजच, बेटा. रोज खेळतो तेव्हा आम्ही बोलतच खेळतो. मी म्हणतो, काढ घोडा, तो काढतो. मला काय ठाऊक, मीच त्याला सांगतोय म्हणून?” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “आज बोलायला बंदी. आणि तो दिवा.”

“मला कळवावं लागेल.”

“कळव की. पण एक सांगतो. मी आज हजारावा शिळा डाव खेळलो आणि तो पहिल्यांदाच खेळला. घोड्यावर प्यादं ढकलताना त्याचं तोंड बघितलंस तू? मला हेवा वाटला बघ त्याचा.” त्यांनी स्वतःचा तळवा उघडून पाहिला. “आणि उठताना हातात हात घेतला, तर नख ओढलं त्यानं तळव्यावर. डोकं विसरलं, हात नाही विसरला.”

आतून टाळ्यांचा आवाज आला. उपळेकरबाई माइकवरून सांगत होत्या, की स्पर्धेच्या इतिहासात इतका ताजा डाव झालेला नाही. पहिल्या खेळीपासून शेवटच्या खेळीपर्यंत एकही खेळी पिवळी नाही, तरुणांनी आदर्श घ्यावा. मी दारात पोचले तेव्हा आण्णांच्या खांद्यावर शाल पडत होती. मला ओरडावंसं वाटलं, थांबवा हे! पण आण्णा हात जोडून इतके शांत उभे होते, की माझं तोंड उघडलंच नाही.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही मागच्या आवारात दगडी ओट्यावर बसलो. ऊन अजून होतं. चाचा चहा सांगायला गेले.

“काय गं आशू, तोंड का पाडलंयस?” आण्णांनी विचारलं. “बाप जिंकला की.”

“जिंकला नाहीत. बरोबरी झाली.”

“आमच्यात त्यालाच जिंकणं म्हणतात.” ते हसले, मग हसू मावळलं. “दिवा बघितला मी. सगळ्या फेऱ्यांत बघितला. त्यासाठीच आलतो.”

“दिवा बघायला?” मी विचारलं.

“डॉक्टरकडे गेलो असतो तर त्यानं माझ्याआधी तुला सांगितलं असतं. आणि मला कुणी काय म्हणालं असतं तर मी ऐकलं नसतं. तुझ्या पट्टीसमोर कुणाचं चालत नाही, तूच म्हणालीस.” त्यांनी शालीचं टोक बोटावर गुंडाळलं. “पहिल्या चार डावांत म्हटलं, असू दे, नवी माणसं आहेत. आज यासीन समोर बसला. चार घोडे, हे नाव आठवलं. पुढचं काय ते आठवेना. घाम फुटला बघ. मग म्हटलं, सोंगट्या तर चालतायत. बसू विचार करत.”

“आण्णा, मी तुम्हाला एकटं ठेवणार नाही. पुण्याला चला.”

“समितीला काय तो कागद पाठव तू. तुझं काम आहे ते. पण पुणं नको. तिथं माझं कोण आहे?”

“मी आहे!” मी जवळजवळ ओरडलेच. “मी कुणीच नाही का?”

शाल थोडी पसरून आण्णांनी तिच्याखाली हात सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. मीही हात आत घातला. त्यांचा हात थंड होता.

“आठवड्याचे दिवस,” आण्णा म्हणाले. “पुण्याचे किती? बोल.”

मी त्यांची मूठ धरली आणि वर दोन बोटं. सात. त्यांनी माझं एक बोट धरलं. एक. मी मूठ धरली, पाच. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. कपाळावर पट्टी नव्हती, पण काय चाललं आहे ते मला दिसत होतं. मग त्यांनी माझी तीन बोटं धरली आणि तळव्यावर हळूच नख ओढलं. साडेतीन. अर्धा आठवडा माझा, अर्धा यासीनचाचांचा. मी त्यांचं मनगट दाबलं. मला रडू आवरेना, आणि मी आवरलंही नाही.

चाचा चहा घेऊन आले. आम्ही चहा प्यायलो, चाचांनी उपळेकरबाईंची नक्कल केली, आण्णा खळखळून हसले. मी फोन काढला आणि समितीला संदेश पाठवून दिला. मग पुढची व्यवस्था मनात मांडू लागले. चाचांना दुपारी घरी राहायला सांगायचं, गॅसची शेगडी बदलायची.

“चला, ऊन उतरायच्या आत याला जेवायला घाल,” चाचा कप गोळा करत म्हणाले.

आण्णा उठले नाहीत. शालीकडे बघत होते. “आशू, मघाशी आपण काहीतरी सौदा केला का गं?”

चेष्टा करताना त्यांच्या डाव्या भुवईला एक बाक येतो. तो नव्हता.

चाचांनी कप पुन्हा ओट्यावर ठेवले. मी आण्णांना सगळं सांगू शकले असते. आकडा ठरला आहे असं सांगून मोकळी झाले असते.

“नाही,” मी म्हणाले. “करायचाय अजून. आठवड्यातले पुण्याचे दिवस किती, ते ठरवायचंय.”

“बस मग.” त्यांनी शाल नीट पसरली.

मी सातापासून सुरुवात केली. त्यांनी एक म्हटलं. मी पाच म्हटलं. आण्णांनी डोळे मिटले आणि आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत थांबलो. पलीकडे कुणीतरी सभागृहाच्या खुर्च्या ओढत होतं. मग शालीखाली त्यांनी माझी तीन बोटं धरली, आणि तळव्यावर नख ओढलं.